एकाच नावाचे दोन पूर्वज

आज्याचे नाव नातवाला ठेवण्याची चाल आपल्या वऱ्हाडात जुनी आहे. त्यात माया आहे, घराण्याची आठवण आहे. पण वंशावळ लिहायला बसलेल्या माणसाची याच चालीने फजिती होते. जुन्या कागदात ‘राघोजी’ सापडला, की आपण म्हणतो, हाच आपला पणजा! आणि तो निघतो चुलत घराण्यातला.

ही फजिती तुमची-आमचीच होते असे समजू नका. आपल्या वाशीमच्या राजघराण्याचीही झाली आहे.

वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटक घराण्याचा मूळ पुरुष विंध्यशक्ती, त्याचा मुलगा प्रवरसेन. प्रवरसेनानंतर घराण्याच्या शाखा झाल्या. थोरली शाखा नागपूरकडे नंदिवर्धनाला राहिली. प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन याची शाखा वाशीमला नांदली. सर्वसेनाच्या मुलाचे नाव विंध्यशक्ती, म्हणजे पणज्याचे. त्याच्या मुलाचे नाव प्रवरसेन, तेही पणज्याचेच! तिकडे थोरल्या शाखेतही पुढे एक प्रवरसेन झाला. म्हणजे एकाच कुळात प्रवरसेन तीन आणि विंध्यशक्ती दोन.

आता गंमत पाहा. वाशीमचा राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याच्या 16 क्रमांकाच्या लेण्यात एक लेख कोरविला. त्यात वाशीम शाखेची वंशावळ आहे. पण दगड झिजलेला, अक्षरे पुसट. एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांना थोरल्या शाखेची नावे ठाऊक होती; पुसट जागी त्यांनी तीच वाचली. ओळखीचा प्रवरसेन समोर होताच, मग शंका कशाला येईल? असे वाशीमचे राजे चुलत्यांच्या नावाखाली झाकून गेले.

1939 साली वाशीमलाच एक ताम्रपट मिळाला. तो वत्सगुल्माहून, राजा विंध्यशक्तीच्या राज्याच्या 37 व्या वर्षी दिलेला. त्यात त्याने बापाचे नाव सर्वसेन आणि आज्याचे नाव प्रवरसेन असे सांगितले आहे. मग महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला, आणि त्या पुसट जागी सर्वसेन सापडला! लेण्यातला ‘विंध्यसेन’ म्हणजे ताम्रपटातला विंध्यशक्तीच, हेही कळले. झाकलेली शाखा उजेडात आली.

यातून आपण काय घ्यायचे? नुसत्या नावावर माणूस ठरवू नये. नावाला बाप जोडा, बापाला आजा जोडा, मग गाव आणि साल जोडा. कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, जमिनीचे कागद हे एकमेकांशी ताडून पाहा. एक राघोजी वारल्यावर दहा वर्षांनी ‘राघोजी’ने शेत विकले असेल, तर तो दुसरा राघोजी. आणि एकच माणूस एका कागदात विठू, दुसऱ्यात विठ्ठल असू शकतो, हेही ध्यानात ठेवा. जातीचा दाखला, शेताची वाटणी, वारसाचा हक्क, सारे या नोंदींवर अवलंबून असते. चुकीचा पणजा धरला, तर खरा हक्क हातचा जातो.

गुरुजींना एक विनंती. मुलांना घरून चार पिढ्यांची नावे लिहून आणायला सांगा, प्रत्येक नावापुढे गाव आणि साल घालून. म्हातारी माणसे आहेत तोवर विचारून घ्या. राजाला ताम्रपट होता; आपल्या आज्याची आठवण आपणच लिहून ठेवली पाहिजे.