शिपाई घरी परतल्यावर

दसऱ्याला सीमोल्लंघन करायचे आणि आगोटीपूर्वी घर गाठायचे, असा मराठी शिपायाचा शिरस्ता होता. त्यामुळे दिवाळीचे दिवे लागत तेव्हा घरातला कर्ता पुरुष बहुधा मुलूखगिरीवर असे. आजही नगर जिल्ह्यातल्या पारनेर, पाथर्डी, श्रीगोंदे, जामखेड ह्या तालुक्यांत अशी घरे पुष्कळ आहेत, की जिथून फराळाचा डबा टपालाने सीमेकडे जातो आणि भाऊबीज टेलिफोनवर साजरी होते. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी. तेव्हा घरातल्या एका मुलाने पलटणीत जायचे, ही तिथली जुनी रीत आहे.

रणात लढणाऱ्या शिपायावर आपण पोवाडे रचले. तो घरी परतल्यावर त्याचे काय झाले, ह्यावर मात्र फारसे कोणी लिहिले नाही. वास्तविक खरा प्रश्न तिथेच सुरू होतो. सैन्य तरुण राहिले पाहिजे, म्हणून साधा जवान अठराव्या-विसाव्या वर्षी भरती होतो आणि पस्तिशी-चाळिशीच्या आत निवृत्त होतो. शाळामास्तर किंवा कारकून ज्या वयात संसाराची घडी बसवीत असतो, त्या वयात शिपाई ‘माजी’ ठरतो. मुले शाळेत, आईबाप थकलेले, बहिणीचे लग्न व्हायचे, आणि पेन्शन बेताचे. अशा माणसाला राज्याने पुढे काय द्यावे? ह्या प्रश्नाची उत्तरे आपल्या इतिहासात वेळोवेळी निरनिराळी दिली गेली आहेत.

पहिले ठसठशीत उत्तर शिवकालात सापडते. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफझलखानाचे पारिपत्य झाल्यानंतर महाराजांनी काय केले, ते कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत नोंदून ठेवले आहे. लढाईत जे पडले त्यांच्या मुलांचे चालविले. ज्यांना पुत्र नव्हता त्यांच्या बायकांना निमे वेतन बांधून दिले. आणि जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशेपर्यंत होन दिले. मुलाची सोय, विधवेला वेतन आणि जखमेची भरपाई, ही तिन्ही कलमे साडेतीनशे वर्षांपूर्वी आपल्याकडे होती. पुढे पेशवाईतही ही परंपरा राहिली. कामी आलेल्या शिपायाच्या मुलाबाळांच्या पोषणासाठी जी नेमणूक करून देत, तिला ‘बालपरवेशी’ असे गोड नाव होते.

परंतु हे सारे धन्याच्या मर्जीवर आणि खजिन्याच्या भरतीओहोटीवर अवलंबून असे. धनीच गेला, तर कोणाकडे पाहायचे? हा प्रसंग नगर जिल्ह्यावर लवकरच आला. १२ ऑगस्ट १८०३ रोजी जनरल वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला, आणि १८१८ साली पेशवाई बुडाली. सरदार-जहागीरदारांशी एल्फिन्स्टनने तह केले, काहींची इनामे चालू ठेवली. पण साध्या शिपायाशी कोण तह करणार? गडांवरची शिबंदी मोडली. पिढ्यान्‌पिढ्या गडाची राखण करणारे कोळी, रामोशी एका फटक्यात निकामी झाले. अकोले तालुक्याच्या डोंगरात रतनगड आणि हरिश्चंद्रगड यांच्या आसपास कोळ्यांची बंडे उठली ती ह्याच काळात. देवगावचा राघोजी भांगरे हा त्यांतला सर्वांत गाजलेला नायक. त्याला १८४८ साली ठाण्यास फाशी दिले. ह्या बंडांना सावकारी जाच, जमिनीचा सारा अशी इतरही कारणे होती. तथापि हातची चाकरी आणि मान गेल्याची सल त्यांत फार खोल होती. हत्यार चालविण्याखेरीज दुसरे काही न शिकलेल्या माणसाला काम दिले नाही, तर त्याची झळ राज्यालाच लागते, हा धडा इंग्रजांनाही मिळाला.

कंपनीच्या आणि पुढे राणीच्या फौजेत शिपायाला ठरावीक पगार व दीर्घ सेवेनंतर पेन्शन मिळू लागले, ही सुधारणा खरीच. पलटणीतल्या शाळांमुळे शिपायांच्या मुलांना अक्षरओळखही झाली. नगरहून पुण्यास जाताना भीमेकाठी कोरेगावचा स्तंभ दिसतो. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे त्यावर कोरली आहेत आणि त्यांत महार शिपायांची नावे अनेक आहेत. परंतु १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत सरकारने लढाऊ जातींचा सिद्धान्त पुढे करून महारांची भरती बंद केली. ज्यांचे आजे-पणजे पलटणीत होते, त्यांच्या मुलांना पलटणीचा दरवाजा बंद झाला.

सुभेदार रामजी सकपाळ ह्याच सुमारास निवृत्त झाले. पलटणीच्या शाळेत मास्तरकी केलेल्या ह्या गृहस्थांना पुढे सातारा जिल्ह्यात दुष्काळी कामावरच्या एका तलावावर रोखपालाची सरकारी नोकरी मिळाली. त्यांना भेटायला १९०१ च्या सुमारास त्यांची मुले आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. मुलांची जात कळताच गाडीवाले त्यांना नेण्यास तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे घेऊन एक गाडीवान कबूल झाला तो एका अटीवर, की गाडी मुलांनीच हाकावी. त्यांतला एक मुलगा म्हणजे पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, त्यांनीच ही हकीकत लिहून ठेवली आहे. बापाची सुभेदारी आणि सरकारी नोकरी, दोन्ही त्या रात्री मुलांच्या कामी आल्या नाहीत. नोकरीने पोट भरते, पण मान मिळेलच असे नाही, हेही शिपायाच्या घराने अनुभवले.

ह्या अन्यायावर पहिला अर्ज लिहिला तो एका निवृत्त शिपायानेच. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर ह्यांनी १८९४ साली मुंबई फौजेच्या सेनापतीसाठी तो तयार केला. पुढे १९१० साली पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे ह्यांनी थेट विलायतेस भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. पलटणीत, पोलिसात आणि सरकारी खात्यांतल्या कनिष्ठ जागांवर आमच्या लोकांना घ्या, अशी त्यात मागणी होती. वाचकहो, येथे एक मोठा पालट झाला, तो लक्षात घ्यावा. आजवर राजा देत असे आणि शिपाई मुजरा करून घेत असे. आता शिपाई स्वतःच्या बापजाद्यांच्या सेवेचा दाखला देऊन, कागदावर, हक्काने मागू लागला.

१९१४ चे महायुद्ध आले आणि इंग्रजांना माणसांची गरज लागली. महारांची १११ वी पलटण १९१७ साली उभी राहिली. युद्ध संपल्यावर, १९२१ साली, ती मोडलीही. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ह्या म्हणीला याहून चांगले उदाहरण नको. त्याच युद्धाने एक चांगली गोष्टही दिली. अपंग झालेल्या शिपायांना हातचा धंदा शिकविण्यासाठी १९१७ साली मुंबईत लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने क्वीन मेरी टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. ती पुढे पुण्याजवळ खडकीला गेली. परतलेल्या शिपायांची विचारपूस करण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिकांची मंडळेही स्थापन होऊ लागली. आजचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हे त्यांचेच वारस होय.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौज पंचवीस लाखांच्या घरात गेली. त्या काळचे नगरचे चित्र मोठे विलक्षण होते. किल्ल्यात १९४२ पासून पंडित नेहरू, मौलाना आझाद आदी नेते बंदिवान होते. आणि ह्याच जिल्ह्यातल्या संगमनेरजवळच्या निमज गावचा तरुण नामदेव जाधव इटलीत मराठा पलटणीत लढत होता. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर त्याने दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांतून पार नेले. मग एकट्याने परत फिरून शत्रूच्या तीन मशीनगनच्या चौक्या निकालात काढल्या. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

पण क्रॉस एखाद्यालाच मिळतो. बाकीच्या लाखोंना काम हवे होते. म्हणून जुलै १९४५ मध्ये सरकारने पुनर्वसन व सेवायोजनाचे एक स्वतंत्र संचालनालय काढले आणि गावोगाव नोंदणीची कार्यालये उघडली. हेच ते एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज. पुढे फाळणीच्या निर्वासितांची सोय तिथे झाली आणि १९४८ च्या सुमारास ते सर्वांना खुले झाले. मॅट्रिक होताच ‘नाव नोंदवायला’ आपल्या घरांतून कितीतरी मुले ज्या कचेरीच्या रांगेत उभी राहिली, ती कचेरी मुळात परतलेल्या शिपायासाठी निघाली होती!

स्वातंत्र्यानंतर नगरचे लष्कराशी नाते अधिकच घट्ट झाले. रणगाड्यांच्या दलाचे केंद्र व शाळा १९४८ साली येथे आली, आणि यांत्रिक पायदळाचे केंद्र १९७९ साली. देशभरातले जवान येथे रणगाडा हाकायला, तोफ डागायला, बिनतारी यंत्र चालवायला शिकतात. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांनंतर परतणाऱ्यांचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. केंद्र सरकारने तृतीय श्रेणीच्या १० टक्के व चतुर्थ श्रेणीच्या २० टक्के जागा माजी सैनिकांसाठी राखल्या. १९७९ साली त्याचे रीतसर नियम झाले. वयाची अट मोजताना सैन्यातली वर्षे वजा करायची आणि वर तीन वर्षांची सूट द्यायची, असे ठरले. दहावी झालेल्या आणि पंधरा वर्षे सेवा केलेल्या जवानाला तृतीय श्रेणीच्या काही जागांसाठी पदवीधराच्या बरोबरीने धरण्यात येऊ लागले. महाराष्ट्रात ‘क’ व ‘ड’ वर्गाच्या जागांत १५ टक्के समांतर आरक्षण आहे. समांतर म्हणजे, प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या वाट्यातल्याच काही जागा त्या त्या प्रवर्गातल्या माजी सैनिकांना. सेवेत मृत्यू पावलेल्या किंवा कायमच्या अपंग झालेल्या जवानाच्या घरच्यांनाही नोकरीत प्राधान्य आहे. सभासदाने नोंदलेली तिन्ही कलमे अशा रीतीने कायद्याच्या चौकटीत आली. जे बक्षीस होते ते हक्क झाले.

मग सारे आलबेल आहे काय? तसे म्हणवत नाही. राखून ठेवलेली टक्केवारी आणि प्रत्यक्ष भरलेल्या जागा यांत मोठी तफावत आहे, हे केंद्र सरकारच्याच आकड्यांवरून दिसते. परीक्षा आजकालच्या, त्यांची तयारी करणारी पोरे बाविशीची. पंधरा वर्षे बर्फात आणि वाळवंटात काढलेला जवान त्यांच्याशी गणित-इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत कसा टिकावा? जाहिरात निघते ती त्याच्यापर्यंत वेळेवर पोचत नाही. पोचली तर एखादा दाखला राहिलेला असतो. मग ज्याने कोट्यवधींचा रणगाडा हाकला, तो बँकेच्या दाराशी खुर्ची टाकून बसतो. त्या कामात कमीपणा नाही. पण त्याच्या अंगचे कसब मात्र वाया जाते.

हा प्रश्न येत्या काळात वाढणारच आहे. जून २०२२ मध्ये सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. तीत भरती झालेला तरुण चार वर्षांनी परततो. चौघांतला फार तर एक कायम होतो. उरलेल्यांना एकरकमी सेवानिधी मिळतो, पेन्शन नाही. निमलष्करी दलांत त्यांच्यासाठी जागा राखण्याच्या घोषणा झाल्या आहेत. ‘माजी सैनिक’ शब्दाची व्याख्या पस्तिशीच्या जवानाला डोळ्यांसमोर ठेवून घडली. पंचविशीच्या आत परतणाऱ्या ह्या मुलांना तिच्यात कोठे बसवायचे, हे राज्यकर्त्यांना ठरवावे लागेल.

दर वर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन येतो. आपण छातीवर कागदी झेंडा लावतो आणि डब्यात नाणे टाकतो. ते चांगलेच आहे. पण ह्या दिवाळीला आणखी एक करावे. आपल्या गल्लीत, आपल्या वाडीत कोणी निवृत्त जवान असेल, कोणा वीराची पत्नी मुलांना घेऊन एकटी राहात असेल, तर फराळाचे ताट घेऊन जाताना एवढे विचारावे: सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदले आहे ना? ओळखपत्र काढले आहे ना? मुलाच्या अर्जाला दाखला जोडला आहे ना? घरात कोणी लिहितावाचता असेल, तर तो अर्ज बसून भरून द्यावा. वलंगकरांनी आपल्या माणसांसाठी जो अर्ज लिहिला, त्याला आता सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. आज अर्जाचे नमुने छापील आहेत, नियमही झाले आहेत. ते त्या घरापर्यंत पोचविणारा माणूस तेवढा हवा.