प्रक्षिप्त सुटे भाग : जंगलमुलखातील जीप आणि तिची इंधनवाट

जुना ग्रंथ आणि जुनी मोटार यांना एक व्याधी समान असते. मूळ भाग झिजतो, गहाळ होतो आणि त्याच्या जागी कोणीतरी आपल्या पदरचे काही घालतो. ग्रंथाच्या बाबतीत आपण त्याला प्रक्षेप म्हणतो. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती ह्याच व्याधीवरचा उपाय म्हणून. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ ह्या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली, तिच्यामागेही हीच चिंता होती. साहित्याच्या अध्यापकांनी मोटारीच्या सुट्या भागांविषयी लिहावे हे वाचकांना विचित्र वाटेल. पण चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या जिल्ह्यांतील जुन्या जीपगाड्यांचा इतिहास तपासू लागलो तेव्हा आमच्या ध्यानात आले, की पाठचिकित्सेचे जवळजवळ सर्व प्रश्न येथे नव्याने उभे राहतात. फरक एवढाच, की प्रक्षिप्त ओवीने कोणी भाजत नाही. पेट्रोलच्या वाटेत बसलेल्या प्रक्षिप्त भागाने माणूस भाजतो.

१. मुलूख आणि वाहन

आजचा गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याआधी वरोऱ्यापासून सिरोंच्यापर्यंतचा सारा विस्तार एकाच जिल्ह्यात होता. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती आणि गोदावरी ह्या नद्यांनी तो चिरलेला. रेल्वे पश्चिमेकडे बल्लारशाहमार्गे आणि पूर्वेकडे दीर्घ काळ केवळ वडशापुरती. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम ह्या तीन नद्या मिळतात. संगमाचे हे सौंदर्य पावसाळ्यात रस्ता तोडणारे संकट असते. डिसेंबर १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, त्या काळी पावसाळ्यात ह्या भागाचा बाहेरच्या जगाशी संबंध महिनोन्‌महिने तुटत असे.

अशा मुलखात चारही चाकांना जोर मिळणारी गाडी ही चैन नव्हती. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत बनलेली विलिस जीप युद्ध संपल्यावर शिल्लक मालाच्या विक्रीतून भारतात अनेकांच्या हाती गेली. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे महिंद्र आणि महिंद्र ह्या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलिस जीपची जुळणी सुरू केली. नंतर उंच बॉनेटची सीजे-३बी जीप येथेच घडू लागली आणि ग्रामीण भारताच्या डोळ्यांत ‘सरकार’ म्हणजे जीप हे चित्र पक्के बसले. विंटेज मेळाव्यांतून मिरवणाऱ्या संस्थानिकांच्या गाड्या ह्या मुलखाच्या नव्हेत. सागवानाच्या जंगलाची अभिजात गाडी कोणती, असे विचारले तर आम्ही निःशंकपणे जीप हेच उत्तर देऊ.

२. पेट्रोलची वाट

ह्या गाडीची इंधनव्यवस्था एखाद्या साध्या वाक्यासारखी आहे. पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली. तेथून नळी इंजिनाच्या कडेला बसवलेल्या पंपापर्यंत येते. पंपात कापडावर रबर चढवलेला एक पडदा असतो. कॅमशाफ्टच्या गतीने एक दांडी तो पडदा खालीवर करते आणि पेट्रोल ओढले जाते. पंपाच्या काचेच्या वाटीत गाळ आणि पाणी खाली बसते, ते डोळ्यांना दिसते. पुढे कार्बुरेटर : त्यात तरंगणारा फ्लोट, तो वर आला की पेट्रोलची वाट बंद करणारी सुई आणि हवेत किती पेट्रोल मिसळावे हे ठरवणारी बारीक छिद्रांची पितळी जेट.

सारे काही उघडे, हाताने सोडवता येणारे, डोळ्यांनी वाचता येणारे. म्हणूनच जंगलात ते टिकले. पण चालक टाकीवर बसलेला आणि पंप-कार्बुरेटर तापलेल्या एक्झॉस्टच्या शेजारी, ही रचना एका गृहीतावर उभी आहे : वाटेतला प्रत्येक वॉशर, प्रत्येक नळी, प्रत्येक पडदा पेट्रोलला बाहेर पडू देणार नाही. ते गृहीत सुट्या भागाच्या दर्जावर अवलंबून आहे.

३. टंचाईचा काळ आणि मिस्त्रीचे ज्ञान

१९५३ मध्ये टॅरिफ आयोगाने शिफारस केली, की ज्यांना देशात मोटारी घडवायच्या नाहीत त्यांनी केवळ जुळणीचे काम थांबवावे. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी त्या सुमारास येथील जुळणी बंद केली. देशी उद्योगाला त्याने बळ मिळाले, परंतु रस्त्यावरच्या असंख्य परदेशी गाड्या एका रात्रीत पोरक्या झाल्या. भाग आयात करणे दुरापास्त झाले आणि दुरुस्तीचे सारे ओझे मिस्त्रीच्या खांद्यावर आले.

ह्या काळातील जुळवाजुळवीला आज आपण ‘जुगाड’ म्हणून हसतो किंवा तिचे कौतुक करतो. दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या आहेत. त्या जुळवाजुळवीत एक गोष्ट अटळ होती : भाग घडवणारा किंवा बसवणारा माणूस ती गाडी पाहत असे. पडदा कापताना तो पंप त्याच्यासमोर असे, आणि गाडी वाटेत बंद पडली तर मालक दुसऱ्या दिवशी त्याच्याच दारात उभा राही. चूक होत असे, पण तिला पत्ता होता.

पुढे चित्र पालटले. जीपमध्ये डिझेल इंजिने आली. १९८५ च्या अखेरीस मारुतीची पेट्रोलवर चालणारी जिप्सी बाजारात आली आणि कालांतराने तिने ताडोब्यासारख्या जंगलांतील पर्यटनात आपले स्थान निर्माण केले. २००० च्या सुमारास जिप्सीतही कार्बुरेटरची जागा इंजेक्शनने घेतली. २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी जिप्सीचे उत्पादन थांबले. त्याआधी २०१४ मध्ये अँबेसेडरचे थांबले होते. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. ह्या गाड्या बंद झाल्या तसे कार्बुरेटरचे भाग नियमितपणे बनवणाऱ्यांचे ग्राहकही आटले. पोकळी उरली, आणि ती भरली स्वस्त, बेनामी मालाने. टंचाईच्या काळातील प्रक्षेपकाला मूळ संहिता ठाऊक होती. विपुलतेच्या काळातील प्रक्षेपकाने ती पाहिलेलीच नसते.

४. प्रक्षेपांची वर्गवारी

स्वस्त भाग नेमके काय करतात हे येथे जरा सविस्तर सांगणे आवश्यक आहे.

पंपाचा पडदा निकृष्ट रबराचा असेल तर तो पेट्रोलने फुगतो, मग कडक होतो आणि चिरतो. चिरलेल्या पडद्यातून पेट्रोल बाहेर ठिबकते ते तरी दिसते. पण ते आतल्या बाजूने इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरते तेव्हा बाहेर काहीच दिसत नाही. ऑइल पातळ होते, बेअरिंगे उघडी पडतात आणि ऑइलच्या भांड्यात ज्वालाग्राही वाफ साठते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येणे ही ह्या रोगाची पहिली खूण.

फ्लोटची सुई नीट घासलेली नसेल तर वाट पूर्ण बंद होत नाही. कार्बुरेटर भरून वाहू लागतो आणि पेट्रोल गरम धातूवर पडते. जेटचे छिद्र केसभर लहान असेल तर मिश्रण विरळ होते, इंजिन प्रमाणाबाहेर तापते. मोठे असेल तर काळा धूर आणि वाया जाणारे इंधन.

नळी हा सर्वांत फसवा भाग. पाण्याची नळी आणि पेट्रोलची नळी दुकानात टांगलेल्या सारख्याच काळ्या दिसतात. पेट्रोलच्या नळीचे आतले अस्तर मात्र वेगळे असावे लागते. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी आणि प्लॅस्टिकचा फिल्टर उन्हाने ठिसूळ होतात, आणि चंद्रपूरचा उन्हाळा पारा ४५ अंशांच्या वर नेणारा आहे. अशा उष्म्यात नळीतच पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडते. मग कोणीतरी सल्ला देतो : बिजलीचा पंप लावा. स्वस्तात मिळणारा पंप इंजेक्शनच्या गाडीचा असला तर त्याचा दाब जुन्या पंपाच्या दहापटीहूनही अधिक असतो. कार्बुरेटरची सुई तो दाब रोखू शकत नाही. एका दोषावरचा उपाय म्हणून अधिक मोठा दोष आत येतो.

पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, ती जमिनीलगत पसरते. मे महिन्यात, तेंदूपत्त्याच्या हंगामात, जंगलातील वाटांवर वाळलेल्या पाचोळ्याचा थर असतो. ठिबकणारी जीप तेथे उभी करणे म्हणजे काय, हे अधिक स्पष्ट करण्याची गरज नाही.

५. टाकीतले मद्य

ह्या इतिहासात अलीकडे एक नवे प्रकरण आले आहे. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्याची कल्पना जुनीच. १९४८ मध्ये आपल्या देशात पॉवर अल्कोहोलसंबंधी कायदा झाला होता. २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि बरेली येथे इथेनॉल-मिश्रणाचे प्रयोग झाले. २०२२ मध्ये देशाने १० टक्के मिश्रण गाठले, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्क्यांचे पेट्रोल विक्रीस आले आणि २०२५ मध्ये ते सर्वत्र पसरले. ज्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तेथील प्रत्येक पेट्रोल टाकीत आज पाचवा हिस्सा मद्यार्क आहे!

विनोद बाजूला ठेवू. इथेनॉल हवेतील ओल शोषते. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले, की अल्कोहोल आणि पाणी यांचा थर टाकीच्या तळाशी बसतो आणि पत्रा गंजतो. जुन्या पद्धतीचे रबर इथेनॉलने फुगते वा मऊ पडते. इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागते. कार्बुरेटरला हा बदल ओळखता येत नाही, म्हणून तेच जेट आता विरळ मिश्रण देते.

आणखी एक तपशील आम्हांला विशेष अर्थपूर्ण वाटतो. पळस आणि कुसुम ह्या झाडांवरची लाख हे पूर्व विदर्भाच्या जंगलाचे जुने उत्पन्न. ह्याच लाखेचे लुकण, म्हणजे शेलॅक, जुन्या गाड्यांतील बुचाच्या फ्लोटवर आणि सांध्यांवर लावले जाई, कारण पेट्रोल त्याला विरघळवत नाही. अल्कोहोल मात्र विरघळवते. फर्निचरला पॉलिश करणाऱ्या कोणत्याही कारागिराला हे ठाऊक आहे. म्हणजे जंगलाने गाडीला दिलेले कवच नव्या इंधनाने काढून घेतले.

ब्राझीलने १९७५ पासून अल्कोहोलचा मोठा कार्यक्रम राबवला तेव्हा तेथील कारखान्यांना कार्बुरेटरवर संरक्षक मुलामा चढवावा लागला. ब्रिटनने २०२१ मध्ये १० टक्के मिश्रण आणले तेव्हा जुन्या गाड्यांसाठी ५ टक्क्यांचे पेट्रोल वेगळे ठेवले. आपल्याकडे १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका फेटाळली. धोरणाच्या योग्यायोग्यतेत आम्ही येथे शिरत नाही. जुन्या गाडीच्या मालकाला हे इंधन गृहीत धरूनच चालावे लागेल, एवढेच नोंदवतो.

६. सर्वांत जुनी प्रत सर्वांत शुद्ध असते काय?

येथे पाठचिकित्सेतला मूलभूत प्रश्न उभा राहतो. स्वस्त नक्कल वाईट, म्हणून ‘ओरिजिनल’ चांगले, असा निष्कर्ष सोपा आहे. तो बरोबर नाही. कोणाच्या तरी माळ्यावर ५० वर्षे पडून राहिलेला, कंपनीच्या सीलबंद डबीतला पडदा अस्सल असतो यात शंका नाही. परंतु रबर डबीतही म्हातारे होते, आणि तो पडदा घडला तेव्हा २० टक्के इथेनॉल कोणाच्या मनातही नव्हते. उलट फ्लुओरोरबर वापरून काळजीपूर्वक घडवलेला आजचा पडदा नक्कल असूनही अधिक सुरक्षित ठरतो. सर्वांत जुने हस्तलिखित आपोआप सर्वांत विश्वसनीय ठरत नाही, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. तोच विवेक येथे लागू पडतो.

तेव्हा खरा भेद मूळ आणि नक्कल असा नसून जबाबदार आणि बेनामी असा आहे. भाग कोणी घडवला, कोणत्या द्रव्याचा, कोणत्या इंधनासाठी, हे सांगणारा कोणी आहे काय? नाव चोरून विकलेल्या मालासाठी कायदा आहे : १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्यात बनावट व्यापारचिन्हासाठी तुरुंगवासाची शिक्षा आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूमुळे होणाऱ्या हानीची जबाबदारी उत्पादकावर व विक्रेत्यावर टाकली आहे. पण पक्के बिल नसेल तर हे कायदे दाराबाहेरच थांबतात. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. तिच्या व्याख्येचा रोख सांगाडा, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात आहेत की नाहीत यावर आहे. पंपातल्या पडद्यापर्यंत तिची नजर पोहोचत नाही. ती मालकाचीच पोहोचली पाहिजे.

स्वस्त माल घेणाऱ्याला दोष देणेही आम्हांला पटत नाही. ज्याची जीप पोटापाण्यासाठी चालते, त्याला १०० रुपयांच्या आणि १,००० रुपयांच्या किटमधला फरक परवडण्याच्या भाषेतच कळतो. गाडीचा रंग, आसने, हॉर्न यांत तो जरूर काटकसर करो. पेट्रोलच्या वाटेत मात्र काटकसरीची रक्कम आणि नुकसानीची रक्कम यांचा काही मेळच बसत नाही. नळ्या ठरावीक काळाने बदलणे, इंधनासाठीच बनवलेली नळी मागून घेणे, पंपाची काचेची वाटी नियमित पाहणे, डिपस्टिक हुंगणे आणि आग विझवण्याचे नळकांडे हाताशी ठेवणे ही ह्या वाचनाची साधी शिस्त आहे.

ग्रंथ शुद्ध राखणाऱ्यांची नावे आपण आदराने घेतो. गाव जोडणाऱ्या, रोगी वाहणाऱ्या, पुरात अडकणाऱ्या ह्या गाड्या अर्धशतकाहून अधिक काळ चालत्या ठेवणाऱ्या मिस्त्रींची नावे कोणत्याही सूचीत नाहीत. त्यांचे ज्ञान लिहिले गेले नाही. ते हातातून हातात गेले आणि आता ते हात थकत चालले आहेत. कोणती नळी पेट्रोलची आणि कोणती पाण्याची, हे स्पर्शाने सांगणारा माणूस दुकानातून नाहीसा होतो तेव्हाच बेनामी डबी त्याची जागा घेते. जंगलातील जीपचा इतिहास लिहायचा तर गाड्यांच्या नोंदीआधी ह्या माणसांकडे वही घेऊन बसले पाहिजे.