मुंबईतील छायाचित्रण-मंडळ व हौशी मंडळींची चर्चा

१८५४ साली मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' ही संस्था स्थापन झाली. फिल्म प्रचारात येण्यास तेव्हा तीन दशकांहून अधिक अवकाश होता. आर्चरने १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या कलोडियन पद्धतीत काच ओली असतानाच चित्र घेऊन प्रकट करावे लागे. उष्ण हवेत ती लवकर वाळे. अशा अडचणींतून एकट्याने वाट काढणे दुष्कर होते. सभासदांनी परस्परांची चित्रे पाहावीत, कृती सांगाव्यात, दोष दाखवावेत, हा केवळ करमणुकीचा भाग नव्हता. त्यायोगे खाजगी कसबाची सार्वजनिक विद्या होत होती. १८५५ पासून संस्थेचे नियतकालिकही निघू लागले.

या वर्तुळात एतद्देशीयांना प्रवेश होता. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे सभासद होते; नारायण दाजी स्वतः छायाचित्रे घेत व कार्यकारी मंडळावरही होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या छायाचित्रण-वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे व्यावसायिक छायाचित्रकार झाले.

तथापि समान आवड म्हणजे समान प्रतिष्ठा नव्हे. कलकत्त्यास १८५६ साली निघालेल्या अशाच संस्थेतून राजेंद्रलाल मित्र यांना १८५७ मध्ये काढून टाकण्यात आले. त्यास कारण त्यांची छायाचित्रे नव्हेत, तर निळीच्या मळेवाल्यांवर त्यांनी केलेली जाहीर टीका होय. चित्राविषयी मोकळेपणे बोलता येई. राज्यकर्त्या वर्गाविषयी नव्हे. म्हणून या संस्थांचा इतिहास लिहिताना त्यांच्या चित्रांइतकीच त्यांची सभासद-यादीही वाचली पाहिजे.