संसारी सत्यान्वेषी : ब्योमकेश बक्षीच्या घरात सत्यवती आली तेव्हा

शेरलॉक होम्स अविवाहित, पायरो अविवाहित, सत्यजित राय यांचा फेलूदाही अविवाहित. घरी बायको-मुलं वाट बघत असली तर गुन्हेगाराच्या मागे धावणार कोण, असा या कथांचा अलिखित नियमच होता. शरदिंदू बंद्योपाध्याय यांनी बंगालीत तो मोडला. त्यांचा ब्योमकेश बक्षी लग्न करतो, बाप होतो, वयानं वाढतो आणि तपासही करत राहतो.

कोण हा ब्योमकेश?

ब्योमकेशच्या कथा 1932 पासून लिहिल्या गेल्या. तो पोलीस खात्यातला नाही, कुणाचा पगारी माणूसही नाही. 'डिटेक्टिव्ह' म्हटलेलं त्याला आवडत नाही. तो स्वतःला 'सत्यान्वेषी' म्हणवतो, म्हणजे सत्याचा शोध घेणारा. कोलकात्याच्या हॅरिसन रोडवर तो मित्र अजितसोबत राहतो. घरकामाला पुंटीराम. बहुतेक कथा अजितच सांगतो. 32 कथा पूर्ण झाल्या. 'विशुपाल वध' ही शेवटची कथा 1970 मध्ये लेखकाच्या निधनानं अपुरी राहिली.

लग्न जुळलं तपासातच

'अर्थमनर्थम्' (1933) या कथेत एका श्रीमंत म्हाताऱ्याचा खून होतो. मृत्युपत्राचं प्रकरण असतं आणि संशय सुकुमार नावाच्या तरुणावर येतो. त्याची बहीण सत्यवती भावासाठी ब्योमकेशकडे मदत मागते. पुढे तीच त्याची बायको होते. सत्य शोधणाऱ्याच्या बायकोचं नाव सत्यवती, ही लेखकाची गंमत.

दहा कथांनंतर, 1936 च्या सुमारास, शरदिंदूंनी ब्योमकेश बंद केला. वाचकांना आता तो नको असेल, असं त्यांना वाटलं. पण वाचक विसरले नव्हते. पंधरा वर्षांनी, 1951 मध्ये, 'चित्रचोर' आली. तिची सुरुवात प्रेतानं किंवा पिस्तुलानं होत नाही. आजारातून उठलेल्या ब्योमकेशसमोर सत्यवती डाळिंबाचा रस घेऊन उभी आहे आणि तो प्यायलाच लागणार आहे.

संसारानं काय बदललं?

सत्यवती काही त्याच्या बरोबरीनं पुरावे शोधत फिरत नाही. ती घर चालवते, नवऱ्याशी भांडते, अजितची बाजू घेते, कधी त्याचीही खरडपट्टी काढते. 'दुर्गरहस्य'मध्ये (1952) ती गरोदर आहे. पुढच्या कथांत मुलगा येतो, खर्च वाढतो, दक्षिण कोलकात्यात केयातलाला स्वतःचं घर बांधायच्या गोष्टी निघतात. म्हणजे हा माणूस आपल्या ओळखीच्या कुठल्याही मध्यमवर्गीय गृहस्थासारखाच आहे. त्याला पैशाची किंमत कळते.

म्हणूनच 'आदिम रिपु'चा शेवट लक्षात राहतो. कथेला 1946-47 च्या दंगलींची आणि स्वातंत्र्याच्या रात्रीची पार्श्वभूमी आहे. काळ्या पैशाच्या नोटांचा ढीग हाताशी आलेला असताना ब्योमकेश तो घरी नेत नाही, जाळून टाकतो. एकट्या फकिरानं असं केलं तर नवल नाही. बायको-पोर असलेल्या माणसानं केलं की त्याचं मोल कळतं.

पुण्यातला बंगाली लेखक

शरदिंदूंचा जन्म 1899 चा, जौनपूरचा. 1938 मध्ये ते बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईत आले. 1952 मध्ये सिनेमा सोडून पुण्यात स्थायिक झाले. दुसऱ्या आयुष्यातल्या बहुतेक ब्योमकेश-कथा पुण्यातून लिहिलेल्या आहेत, तेही बंगालीतच. राज्य बदललं, भाषा सुटली नाही. राज्याच्या हद्दीपलीकडे मराठी जपणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण ते इथल्या मातीशी फटकूनही राहिले नाहीत. 'शैलरहस्य' ही भुताच्या सावलीतली कथा महाबळेश्वरच्या हॉटेलात घडते. ब्योमकेश ती अजितला पत्रांतून कळवतो. मुलांसाठी त्यांनी शिवकाळातल्या सदाशिव नावाच्या पोराच्या साहसकथाही लिहिल्या.

पडद्यावर

सत्यजित राय यांनी 1967 मध्ये 'चिडियाखाना' केला, नायक उत्तमकुमार. मराठी घरांत मात्र ब्योमकेश पोचला तो 1993 मध्ये, दूरदर्शनवरच्या बासू चटर्जींच्या हिंदी मालिकेतून. रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना अजित आणि सत्यवतीच्या भूमिकेत आपल्या सुकन्या कुलकर्णी.

वाचायला कुठून घ्यावं?

'सत्यान्वेषी'पासून. त्यात ब्योमकेश-अजितची ओळख होते. मग 'अर्थमनर्थम्', 'चित्रचोर', 'दुर्गरहस्य' आणि 'आदिम रिपु' या क्रमानं. खुनी कोण हे एकदा कळलं की रहस्यकथा सहसा पुन्हा हातात घेतली जात नाही. या कथा घेतल्या जातात, कारण दुसऱ्यांदा आपण त्या घरात काय चाललंय ते बघायला जातो.