पिलेभक्षण (सर्पखाद्यासाठी पाळलेल्या उंदरांतील)

सापांना खाऊ घालण्यासाठी पैदास केलेल्या पांढऱ्या उंदरांच्या पिंजऱ्यात मोठ्या उंदरांनी नवजात पिले अर्धवट किंवा संपूर्ण खाऊन टाकणे. जिवंत पिलू मारून खाणे आणि मेलेले पिलू खाणे, या दोन्ही गोष्टी या एकाच नावाखाली येतात. पाळणाऱ्याला सकाळी एवढेच दिसते की काल आठ पिले होती, आज पाच आहेत. मग दोष सरसकट आईवर जातो आणि बहुतेक वेळा तो अन्याय असतो.

बालाघाट जिल्ह्यातील हट्टा आणि गोंदिया-भंडाऱ्याचा धानपट्टा इथे धामण बांधीतले (धानाच्या शेतातले) उंदीर स्वतःच हुडकून खाते. पिंजऱ्यातल्या सापाला मात्र भक्ष्य पुरवावे लागते. याचे एक जुने उदाहरण मुंबईचे. तिथे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ साली प्लेग संशोधन प्रयोगशाळा आली. १९२५ मध्ये तिलाच हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. प्लेगच्या दिवसांत या वास्तूत उंदीर आणि त्याच्या अंगावरच्या पिसवा यांचा रोगाशी संबंध तपासला जात होता. पुढे तिथेच उंदीर जपून वाढवण्याची वेळ आली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावरचा उतारा तयार करायचा तर साप हवेत, आणि साप आले की उंदीर आले. शिवाय त्या उताऱ्याची ताकदही उंदरांवरच तपासली जाते. पुण्यात कात्रजला १९८६ मध्ये नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने सर्पोद्यान उभे राहिले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे देशी साप घरी पाळता येत नाहीत. त्यामुळे सर्पखाद्याचे गिऱ्हाईक म्हणजे प्राणिसंग्रहालये, विषसंकलन केंद्रे आणि बॉल पायथनसारखे परदेशी साप बाळगणारे हौशी लोक. सापाच्या लहान पिलांना अंगावर केस न आलेली उंदराची पिलेच गिळता येतात. हौशी मंडळी त्यांना ‘पिंकी’ म्हणतात. म्हणजे पिंजऱ्यात नाहीसे होणारे पिलू हाच इथला विकाऊ माल असतो.

भारतातील प्रयोगशाळांत सर्रास आढळणाऱ्या ‘स्विस’ उंदरांचे मूळ क्लारा लिंच यांनी १९२६ मध्ये लोझानहून न्यूयॉर्कला नेलेल्या मोजक्या उंदरांत आहे. मादी १९ ते २१ दिवसांनी व्यायते, बहुधा रात्री. एका वेताला सहा ते बारा पिले, प्रत्येकी एक-दीड ग्रॅमचे. डोळे बारा-चौदा दिवसांनी उघडतात, दूध तीन आठवड्यांनी तुटते. व्याल्यावर चोवीस तासांच्या आत मादी पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून पिंजऱ्यात नर ठेवला तर एक वेत अंगावर पीत असतानाच दुसरे पोटात वाढते. पैदास करणाऱ्याला हेच हवे असते, आणि अनेक अडचणींचे मूळही हेच आहे.

नवजात पिलाला स्वतःची ऊब धरता येत नाही. घरट्याबाहेर पडलेले पिलू माणसाला ऐकू न येणाऱ्या वरच्या पट्टीत ओरडते आणि आई त्याला तोंडात धरून परत आणते. दूध प्यालेले पिलू ओळखणे सोपे आहे: पातळ कातडीतून पोटाच्या डाव्या बाजूला पांढरा ठिपका दिसतो. हा ठिपका नसलेले पिलू बहुधा फार दिवस टिकत नाही. मेल्यावर ते घरट्यात कुजू देण्याऐवजी मादी खाते, जशी ती व्याल्यावर वार खाते. एलिन वेबर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये चित्रफितींचा अभ्यास करून पिलांच्या मृत्यूचा ठपका मादीच्या हल्ल्यावर सहज ठेवता येत नाही, हे दाखवले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाचा निष्कर्षही असाच आहे: खाल्ले गेल्यामुळे पिलांचे मृत्यू मोजणीतून निसटतात, पण जिवंत पिलू मारले जाणे विरळा.

नराची गोष्ट वेगळी. मादीशी संबंध न आलेला नर परकी पिले खरोखर मारतो. मीलनानंतर सुमारे तीन आठवड्यांनी, म्हणजे त्याची स्वतःची पिले जन्मण्याच्या सुमारास, ही वृत्ती दबते आणि तोच नर घरट्यात बसून पिलांना ऊब देऊ लागतो. कॅथरीन दुलाक यांच्या गटाने २०१४ मध्ये या बदलामागचा मेंदूतील चेतापेशींचा एक गट दाखवला. नराने परकी पिले मारण्यामागे प्रजननाचा हिशेब असतो, ही कल्पना मात्र उंदरांवरून आली नाही. तिची सुरुवात वानरांपासून झाली. १९६०च्या दशकात धारवाडजवळ युकिमारू सुगियामा यांनी टोळीत नव्याने आलेला नर पिले मारतो, हे नोंदवले. पुढे सारा ह्रडी यांनी माउंट अबूच्या वानरांवरून त्याचा अर्थ लावला (१९७७). व्यवहारात यातून निघणारा नियम साधा आहे: व्यायला झालेल्या मादीच्या पिंजऱ्यात नवा नर सोडू नये. गर्भाच्या सुरुवातीच्या दिवसांत तर परक्या नराचा नुसता वासही गर्भ गळायला पुरतो; परक्या नरामुळे गर्भ गळतो, हे हिल्डा ब्रूस यांनी १९५९ मध्ये दाखवले.

उरलेली बहुतेक कारणे पाळणाऱ्याच्या हातातली आहेत. दूध पाजणारी मादी एरवीच्या दुपटीहून अधिक खाते. तिला नुसती कणी किंवा शिळी पोळी घातली तर प्रथिने कमी पडतात. पाण्याच्या बाटलीच्या नळीतली गोळी अडकली की एका रात्रीत दूध आटते. विदर्भ-बालाघाटच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार असताना तर हमखास. पिंजऱ्यात अंथरलेले भाताचे तूस ओल शोषते, पण त्याचे घरटे होत नाही. कागदाच्या पट्ट्या किंवा मऊ गवत वेगळे द्यावे लागते. एका पिंजऱ्यात दोन माद्या एकमेकींची पिले पाजतात, हे खरे. पण आधीच्या वेताची मोठी पिले अजून पिंजऱ्यात असताना दुसरे वेत जन्मले तर लहानग्यांचे मरण वाढते. खाद्यासाठी पैदास करणारे गर्दी करतात ती नेमकी इथे.

माणसाचा हात लागला की आई पिले खाते, ही समजूत अर्धवट खरी आहे. प्रयोगशाळांत नवजात पिले रोज हाताळली जातात आणि सरावलेल्या माद्या ती मुकाट परत घेतात. बुजऱ्या, पहिलटकर मादीचे तसे नसते. म्हणून व्यायच्या आधीचे दोन-तीन दिवस आणि नंतरचे तितकेच दिवस पिंजरा बदलत नाहीत. बदलावाच लागला तर जुन्या घरट्याचा थोडा भाग नव्यात टाकतात आणि पिलू उचलण्याआधी हाताला त्याच पिंजऱ्यातले तूस चोळतात. मोजणी व्याल्याच्या दिवशीच, घरटे न विस्कटता, वरून पाहून होते. ती चौथ्या-पाचव्या दिवसावर ढकलली तर आधी मेलेली पिले वहीत येतच नाहीत, आणि कोणती मादी वारंवार वेत गमावते हेही कळत नाही.