फरशीखालचा मुरूम

आमच्या सोलापूरच्या स्वयंपाकघरातली टाइल पुन्हा तडकली, तेव्हा गवंड्याने नाण्याने टकटक केली. कोपऱ्यात भद्द आवाज आला. "खाली पोकळ आहे, काकू." उचलली तर सिमेंटचे पाच गोळे, मधे नुसती हवा.

तिथे पूर्वी शहाबादी फरशी होती. शहाबाद निजामाच्या मुलखात, पण 1871च्या सुमारास मुंबई-रायचूर रेल्वे तिथून गेली आणि तो करडा चुनखडी दगड वॅगनी भरभरून लांबवर जाऊ लागला. त्याआधी शेणाने सारवलेली जमीन. भेग पडली की दुसऱ्या दिवशी बुजली. पुढे मुंबईत नक्षीच्या सिमेंट टाइल्स आल्या. त्या बनवणारी भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी 1922 सालची, स्वदेशीच्या हवेतली.

आजोबांचा जीव मात्र फरशीच्या खाली. मुरूम पसरायचा, पाणी मारायचं, धुम्मसाने ठोकायचं; पुन्हा थर, पुन्हा पाणी. त्यावर विटांचा रोडा नि चुना, मग फरशी. आजीने तिच्यावर उखळ ठेवून चाळीस वर्षं मिरच्या कुटल्या. शहाबादी गुळगुळीत झाली, तडकली नाही. ती काढून चकचकीत टाइल्स बसवायचा हट्ट माझाच.

गवंडी म्हणाला, "सगळंच खोदावं लागणार." मी चहाचं आधण ठेवलं.