आधी अक्षरं, मग चित्रं

१९९७ साली दादरला माझं सायबर कॅफे होतं: तीन संगणक, एक मॉडेम आणि फोनच्या बिलाची धास्ती. नेटस्केप ब्राउझरच्या कोपऱ्यातल्या 'एन'मागून उल्का पडत राहायच्या आणि गिऱ्हाईक घड्याळाकडे बघत बसायचं. मग मी ऑप्शन्समध्ये जाऊन 'ऑटो लोड इमेजेस'ची खूण काढून टाकायचो. चित्रं गेली चुलीत, मजकूर तरी झटकन यायचा. कुणाला चित्र हवंच असेल तर वर 'इमेजेस'चं बटण होतंच.

आमचं हे दुखणं तिकडे कॅलिफोर्नियात बसलेल्या नेटस्केपवाल्यांना कसं कळलं? कारण त्यांनी एकदा चूक करून पाहिली होती. मार्क अँड्रीसन आणि त्याच्या जोडीदारांनी इलिनॉय विद्यापीठात मोझॅक हा ब्राउझर लिहिला, तो विद्यापीठातल्या वेगवान जोडणीवर. चित्रं उतरेपर्यंत मोझॅक पान दाखवत नसे. घरी १४.४ किलोबिटच्या मॉडेमवर जीव जायचा. एप्रिल १९९४मध्ये उद्योजक जिम क्लार्कने बावीस वर्षांच्या अँड्रीसनला घेऊन कंपनी काढली, जुनी मंडळी ओढून आणली आणि ब्राउझर पहिल्यापासून नव्याने लिहून घेतला. (विद्यापीठाने नावाला हरकत घेतली, म्हणून 'मोझॅक कम्युनिकेशन्स'चं 'नेटस्केप' झालं.)

या वेळी डोळ्यांपुढे घरचा मॉडेम होता. एका वेळी अनेक जोडण्या उघडायच्या, मजकूर आधी मांडायचा. चित्राची लांबी-रुंदी पानातच लिहून ठेवायची सोय केली, म्हणजे तेवढी जागा सोडून पुढची अक्षरं बसतात. पंगतीत भाताची जागा ठेवून मीठ-चटणी वाढतात ना, तसं.

पैशाचं गणितही पक्कं होतं. विद्यार्थ्यांना फुकट, बाकीच्यांना 'वापरून बघा'. परवान्याचे पैसे मोजायच्या त्या कंपन्या. शिवाय वेबवर दुकान मांडणाऱ्यांना सर्व्हर विकायचा, ज्यात कार्डाचा नंबर कुलूपबंद जाण्याची व्यवस्था. फुकट्यांची गर्दी वाढेल तसं ते सर्व्हर जास्त खपणार, हे उघड होतं. ९ ऑगस्ट १९९५ला बाजारात आलेला कंपनीचा २८ डॉलरचा शेअर पहिल्याच दिवशी ५८च्या वर बंद झाला. त्यानंतर सहाच दिवसांनी विदेश संचार निगमने आपल्याकडे इंटरनेट सर्वांना खुलं केलं.

पुढे विंडोज ९८चा नवा संगणक आणला, तर त्यात विंडोजच्याच ब्राउझरचा निळा 'ई' आधीच येऊन बसलेला. मी मासिकासोबतच्या सीडीवरून नेटस्केप चढवलं, पण पोरांनी ढुंकून पाहिलं नाही. अमेरिकेतल्या मुलाची पत्रं वाचायला येणारे एक काका तेवढे विचारायचे, "अहो, ते उल्कावालं कुठंय?"